पाचवीला कोरा कागद ठेवता, तसं बीपीचं मशीनही ठेवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. एरवी मी या पेजवर रस्ता, पाणी, डीपी आणि एसटीच्या फेऱ्या यावर लिहितो. आज बाळंतिणीच्या पायावरच्या सुजेवर लिहितोय. "आता काकांना हेच राहिलं होतं का," असं काही जण म्हणतील. म्हणा. पण घरात बाळंतीण असेल, किंवा येत्या चार-सहा महिन्यांत येणार असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आमची पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला विचारून लिहितोय, नाव-गाव लिहिणार नाही, दवाखान्याचंही नाही. नऊ महिने सगळं व्यवस्थित. कार्डावर प्रत्येक तपासणीला बीपी नॉर्मल. बाळंतपणही नॉर्मल. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला, पेढे वाटले. घरी आली तेव्हा पाय सुजलेले होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. दवाखान्यातून निघताना वहिनींनी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "सलाईनची सूज आहे, उतरेल."

चौथ्या दिवशी जोडवी रुतायला लागली. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. शेवटी सोनाराला घरी बोलावून पकडीने तोडावी लागली. बोटांना जखमा झाल्या होत्या. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, वारं धरलंय, शेक वाढवा, पाणी कमी द्या, पोट आणखी आवळून बांधा. घरातल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी पण तिथंच होतो आणि मी पण काही बोललो नाही. बाळंतिणीच्या खोलीतलं आपल्याला काय कळतंय, हा आपला पुरुषांचा नेहमीचा पळपुटेपणा.

पाचवीला पाटा-वरवंटा पुजला. सटवाई नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्रभर घर जागं होतं. पहाटे पोर म्हणाली, "काका, डोकं फुटतंय, डोळ्यापुढं काजवे चमकतायत." आम्ही म्हटलं जागरण झालंय, झोप. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड नर्सबाई राहतात. त्या सकाळी बाळाला बघायला आल्या. त्यांनी बाळाकडे बघितलं सुद्धा नाही. आधी हिचा चेहरा बघितला, मग पाय, आणि तशाच घरी जाऊन स्वतःचं बीपीचं मशीन घेऊन आल्या. 172 / 112. दहा मिनिटांनी परत मोजलं, तेवढंच. म्हणाल्या, "108 ला फोन लावा, चहा-बिहा नंतर."

पुढचं थोडक्यात सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली, बीपीच्या गोळ्या सुरू केल्या, पाच दिवस ठेवलं. पोर वाचली. बाळ आता तीन महिन्यांचं आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई एकच वाक्य बोलल्या, "अजून दोन तास घरी थांबला असतात तर झटके आले असते."

आता मुद्द्यावर येतो.

बाळंतपणानंतर सूज येणं हा रोग नाही. आधी हे सांगतो, नाहीतर पोस्ट वाचून दहा घरं रात्री दवाखान्यात धावतील. गरोदरपणात बाईच्या शरीरातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं, शिवाय कित्येक लिटर जादा पाणी शरीरात साठतं. वाढलेली पिशवी पायाकडून वर येणाऱ्या शिरांवर दाब टाकते. त्यात कळांच्या वेळी किंवा सिझरच्या वेळी सलाईन जातं. हे सगळं पाणी बाळ झाल्याबरोबर नाहीसं होत नाही, म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत सूज कधी कधी बाळंतपणाआधीपेक्षा जास्त दिसते. मग लघवीवाटे आणि घामावाटे ते बाहेर पडतं. आठवडा ते पंधरा दिवसांत पाय पूर्ववत होतात. बाळंतीण रात्री घामाने चिंब होते ती त्यामुळेच. आपण काय करतो? घाम आला की वारं लागेल म्हणून आणखी एक गोधडी टाकतो, खिडकी लावतो आणि शेगडी आत सरकवतो.

ही साधी सूज उतरायला औषध लागत नाही. झोपताना पायाखाली उशी किंवा दुमडलेली गोधडी ठेवायची. बाजेच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून तासतास बाळाला पाजत बसायचं नाही, पायाखाली पाट घ्यायचा. घरातल्या घरात चार चकरा मारायच्या, पोटऱ्या हलल्या की रक्त वर चढतं. बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवली तरी चालतं. जोडवी, पैंजण, बांगड्या, अंगठी पहिल्याच दिवशी काढून ठेवायची. सौभाग्याचं काय, असं विचारणाऱ्यांनी त्या सोनाराला विचारावं, त्या दिवशी त्याने काय बघितलं ते. जेवण अगदी अळणी करायची गरज नाही, पण पापड, लोणचं, फरसाण, पाकिटातलं खारट बाजूला ठेवावं. आणि पाणी प्यायचं. तहान लागेल तेवढं प्यायचं.

पाण्याचं मुद्दाम वेगळं लिहितोय. "पाणी प्यायलं की पोट सुटतं, सूज वाढते" हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. अंगावर बाळाला पाजणाऱ्या बाईला उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन पेले मोजून पाणी देणारी घरं मी पाहिली आहेत. पाणी तोडल्याने सूज उतरत नाही. बाई सुकते, लघवी कमी होते, जळजळ होते, डोकं दुखतं. आणि मग खरी डोकेदुखी कुठली आणि पाणी न दिल्याची कुठली, हे ओळखायला अवघड जातं.

मी परंपरेच्या विरोधात नाही. सव्वा महिना विश्रांती, माहेरचं जेवण, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, कोमट तेलाची मालिश, यात बाईला आराम मिळतो. ज्या सुनेला वर्षभर कोणी बस म्हणत नाही तिला तेवढे दिवस तरी हक्काने झोपता येतं. पण मालिश सुद्धा हलक्या हाताने, पावलाकडून वर. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दोन्ही पाय सारखे सुजलेत तो भाग वेगळा. एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, लाल दिसतेय, तर त्या पायाला हात लावायचा नाही. मालिश नाही, शेक नाही, दाबणं तर नाहीच. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जातो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे अशा गुठळ्यांचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो, सिझर झालेल्या बाईला तर आणखी. मालिशवाल्या मावशींना हे कुणी सांगितलेलंच नाही. त्यांचा दोष नाही. गावात पन्नास शिबिरं होतात, त्यांच्यासाठी एक झालेलं मला आठवत नाही.

आता त्या दुसऱ्या सुजेबद्दल, जिने आमच्या घरात पहाट केली.

बाळ झालं की बीपीचा धोका संपला, असं आपण समजतो. बऱ्याच शिकलेल्या घरांतही हेच समजतात. खरं असं आहे की बाळंतपणानंतर बीपी थोडं उतरतं आणि मग पुन्हा चढतं. साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान ते सगळ्यात वर असतं. ज्यांना गरोदरपणात बीपी होतं त्यांना धोका जास्त, पण नऊ महिने नॉर्मल असलेल्या बाईलाही ते बाळंतपणानंतर पहिल्यांदा चढू शकतं, सहा आठवड्यांपर्यंत कधीही. सूज एकदम वाढते, चेहरा आणि हात सुजतात, डोकं असं दुखतं की गोळीने थांबत नाही, डोळ्यापुढं अंधारी किंवा काजवे येतात, छातीखाली उजव्या बाजूला दुखतं, उलट्या होतात, दम लागतो. कधी कधी यातलं काहीच होत नाही आणि थेट झटके येतात. आपल्याकडे याला काय म्हणतात? बाहेरची बाधा. वारं. बाळंतरोग. लिंबू उतरवेपर्यंत आणि अंगारा लावेपर्यंत मेंदूत रक्तस्राव होऊन जातो.

आणि आडवं पडलं की दम कोंडतोय, उशा लावून बसून झोपावं लागतंय, सोबत पायावर सूज आहे, तर ते हृदयाचंही असू शकतं. बाळंतपणाच्या आसपास काही बायकांचं हृदय अशक्त होतं. "अशक्तपणा आहे, रक्त कमी आहे, लाडू खा" म्हणून ते सोडायचं नसतं. रक्त कमी असतंच म्हणा. राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघालाय, आणि त्यानेही सूज येते, दम लागतो. म्हणून तर तपासायचं.

हे सगळं ओळखायला सिटी स्कॅन लागत नाही. दीड-दोन हजारांचं दंडाला बांधायचं मशीन लागतं. पाच मिनिटं शांत बसवायचं, दंड छातीच्या पातळीला ठेवायचा, मोजायचं. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. 160 किंवा 110 झालं तर त्याच मिनिटाला गाडी, मग डोकं दुखत असो वा नसो.

मग ते मोजलं का जात नाही? इथं माझा राग सुरू होतो.

घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. मी आमच्याकडचं काढलं. गरोदरपणाच्या तपासण्यांचे रकाने भरलेत. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, सगळं. पान उलटा. बाळंतपणानंतरच्या तपासणीचा तक्ता आहे, त्यात आईच्या बीपीचा रकाना आहे. आमच्या कार्डावर तो कोरा. शेजारच्या दोघींचं मागून बघितलं. कोरा. मग गल्लीतली आणखी चार बघितली. एकीचा भरलेला होता, तो सुद्धा दवाखान्यातल्या पहिल्या दिवसाचा. म्हणजे सरकारला कळत नाही असं नाही. कागद छापणाऱ्याला बरोबर कळलंय. भरणारा कोणी नाही.

आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून देशात गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरातच नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, बालमृत्यू खाली आणले, 1999 साली ते जगासमोर आलं आणि 2011 पासून सरकारने ते देशभर आशांमार्फत सुरू केलं. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण योजना बाळासाठी आखली गेली आणि आई त्यात पाहुणी राहिली. आशाताईच्या पिशवीत बाळाचा वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे. आमच्या आशाताईच्या पिशवीत आईसाठी बीपीचं मशीन नाही. भेटीच्या फॉर्ममध्ये आईला झटके येतात का हे विचारायचं आहे. झटके आल्यावर कळून काय उपयोग? झटक्याच्या आधी मोजायला काही द्या ना तिच्या हातात.

आणि हे सगळं ती कितीत करते? या सगळ्या भेटी मिळून 250 रुपये. एवढ्या पैशात पावसापाण्यात सहा वेळा घरी येणाऱ्या बाईला दोष देणारी पोस्ट ही नाही, हे स्पष्ट सांगतो. कमेंटमध्ये कोणी आशाताईंवर घसरलं तर कमेंट उडवीन. तिला मशीन द्या, एक दिवस प्रशिक्षण द्या आणि मोजण्याचे वेगळे पैसे द्या.

सरकारी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी खाजगीचं बघावं. तालुक्याला पन्नास-साठ हजार घेऊन सिझर करतात. फाईल जाडजूड, त्यात बाळाच्या पायाचा ठसा सुद्धा. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, टाके बघायला आठ-दहा दिवसांनी या. म्हणजे बीपी सगळ्यात वर असण्याचे दिवस बरोबर घरी, बिनमोजलेले. किती कार्डांवर लिहिलेलं असतं की चौथ्या-पाचव्या दिवशी बीपी तपासा, आणि डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली तर लगेच या? तुमच्या घरात असेल तर फोटो टाका, मी जाहीर अभिनंदन करीन.

आता नेहमीचा प्रश्न येईल. आमच्या आयांना, आज्यांना कुठं कोणी बीपी मोजलं? त्यांना काय झालं? अहो, ज्यांना काही झालं नाही त्या आज्या झाल्या. ज्यांना झालं त्या आज्या व्हायला राहिल्या कुठं? आपल्या घराण्याची वंशावळ काढा. पणजोबांच्या दोन बायका, आजोबांच्या दोन बायका. पहिली कशी गेली विचारा. "बाळंतपणात गेली" एवढंच उत्तर येतं, नाव सुद्धा कोणाला आठवत नाही. तिच्या पायावर सूज होती का, हे सांगायला आता कोण आहे?

महाराष्ट्राचा माता मृत्यू दर चांगला आहे, हे मान्य. 2018-20 च्या आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे 33, देशाचा 97. भाषणात हा आकडा ऐकला की टाळ्या पडतात. केरळचा 19 होता, ते भाषणात येत नाही. आणि या मोजणीत बाळंतपणानंतरचे 42 दिवस धरतात, कारण बायका त्या दिवसांतही जातात. मोजायला 42 दिवस आणि सांभाळायला तीन दिवस, हा हिशोब मला पटत नाही.

पैसा नाही हे कोणी सांगू नका. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला 10 हजारांपर्यंत अबंधित निधी मिळतो, म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचं. त्यातून एक चांगलं मशीन घेतलं तरी आठ हजार उरतात. तेही जमत नसेल तर एक बारसं डीजेशिवाय करा. आमच्याच गल्लीत मागच्या महिन्यात एका बारशाच्या फ्लेक्सवर जेवढा खर्च झाला त्यात मशीन आलं असतं, सेल सुद्धा आले असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाचवीची रात्र आपण आधीच ठरवलेली आहे. त्या दिवशी सगळं घर जागं असतं, आत्या, मावश्या, शेजारणी जमलेल्या असतात. आपल्या जुन्या लोकांनी पाचव्या-सहाव्या रात्रीची भीती उगाच धरली नसावी, त्यांनी त्या दिवसांत काहीतरी वाईट होताना बघितलं असावं. आता आपल्याला माहीत आहे की हेच बीपी चढण्याचे दिवस. मग पाट्याशेजारी कागद-पेन ठेवता ना, त्याच कागदावर आईचा बीपीचा आकडा लिहा. सटवाई रागवायची नाही. शिवाय तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि पुढे आशाताई येतील तेव्हा तेव्हा. कार्डावरचा तो रकाना भरून घ्या. भरलेला नसेल तर उपकेंद्रात जाऊन मागा. मशीन तिथं असतं, आणि ते मोजून घेणं हा तुमचा हक्क आहे. प्रसूतीनंतरचा औषधोपचार आणि सरकारी गाडी फुकट आहे, 102 किंवा 108 लावा. कोणी पैसे मागितले तर मला सांगा, मग मी पुढची पोस्ट नावानिशी लिहीन.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी लेखी विषय देणार आहे: समितीच्या निधीतून आशाताईंसाठी दोन मशीन, आणि मालिशवाल्या मावशींसाठी उपकेंद्रात अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. या वेळी बायकांनी यावं, लेकरं घेऊन यावं. पुरुषांनी पण यावं, मागे उभं राहून मोबाईल बघायला नव्हे. आमची पुतणी बाळाला घेऊन येणार आहे. नर्सबाई मशीन घेऊन बसणार आहेत, ज्यांना मोजून घ्यायचंय त्यांनी सकाळी साडेदहालाच या. सोबत कार्ड आणा.